वाऱ्याची वाट

मराठीत खिडकीला शब्दांची वाण नाही. संस्कृतातून आलेले गवाक्ष आहे, म्हणजे गाईबैलाच्या डोळ्यासारखे वाटोळे भोक. वातायन आहे, म्हणजे सरळसरळ वाऱ्याची वाट. गोव्यात पोर्तुगिजांच्या 'जनेला'चे जनेल झाले, ते अजून सुखाने नांदते आहे. खुद्द इंग्रजांच्या 'विंडो'चे मूळ जुन्या नॉर्स भाषेत सापडते आणि तिथेही अर्थ निघतो तो 'वाऱ्याचा डोळा'! वर्गात हा भाग शिकवताना मला दर वर्षी नव्याने मौज वाटते. तिकडे उत्तरेला थंडीने काकडणारी माणसे आणि इकडे घामाने निथळणारे आपण, पण भिंतीतल्या भोकाकडे पाहून दोघांनाही आठवला तो वाराच.

आपल्या रोजच्या 'खिडकी'त मात्र आता वारा कमी आणि रांग जास्त. तिकिटाची खिडकी, अर्जाची खिडकी, 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावून मिटलेली खिडकी. गेल्या वर्षी मला या दोन्ही जातींच्या खिडक्यांचा एकदमच योग आला. घरातल्या खिडकीसाठी मी अर्ज घेऊन हिंडत होते. एरवी या सदरासाठी मला पाऊण पान मिळते आणि तेवढ्यात ही हकीकत मावण्यासारखी नव्हती. दिवाळीला संपादक हात सैल सोडतात, म्हणून ती आजवर राखून ठेवली.

आमचे बिऱ्हाड पार्ल्याला, पूर्वेकडे. १९७४ साली बांधलेली तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. इमारतीचे नाव सांगत नाही, कारण मला तिथेच राहायचे आहे. आम्ही ही जागा २०११ साली घेतली. पुढची खोली पश्चिमेला, तिथे दुपारी तीननंतर समुद्रावरचा वारा असा येतो की, टेबलावरचे पेपर सावरता सावरता पुरेवाट होते. मागची खोली पूर्वेला, दहा फूट बाय नऊ. तिथे माझ्या सासूबाई असतात. आम्ही सगळे त्यांना आईच म्हणतो. वय ८१ आणि दम्याचा आजार पन्नास वर्षांचा. दिवसा त्या ठणठणीत असतात, माझ्या पोळ्यांना नावे ठेवण्याइतक्या. पण रात्री दोन-अडीचच्या सुमारास खोलीतली हवा जणू संपते. मग पंप ओढायचा, पाठीशी उशांची उतरंड रचायची आणि खिडकीच्या गजांना नाक लावून उजाडण्याची वाट पाहायची. आम्हाला हाकसुद्धा मारायच्या नाहीत. मी पाणी प्यायला उठले की, अंधारात त्यांची बसलेली आकृती दिसायची, आणि त्यांचे ठरलेले उत्तर यायचे, "काही नाही गं, वारा खातेय."

तो वारा तिथे होता कुठे? घरात मुलगा बारावीचा, बाहेरच्या खोलीत रात्री एकपर्यंत दिवा आणि मोबाइलवरची व्याख्याने. त्यामुळे आईंच्या खोलीचे दार लावून घ्यावे लागे. आणि दार लागले की खोलीचा डबा होई.

पंखा होता की, असे कोणीही म्हणेल. पण पंखा नवी हवा आणत नाही, आहे तीच घुसळतो. मग कोणी सुचवले, वातानुकूलन यंत्र बसवा. त्याची गंमत मला तेव्हाच कळली. भिंतीवर टांगतात ती यंत्रे खोलीतलीच हवा आत ओढतात, गार करतात आणि पुन्हा खोलीतच सोडतात. बाहेरून ताजी हवा आणणे हे त्यांचे कामच नव्हे. शिवाय यंत्र लावायचे तर होती ती खिडकीही बंद करायची. पाण्याचा कूलर नागपूरला ठीक, मुंबईच्या दमट हवेत तो आगीतून फुफाट्यात नेतो.

आमच्या ओळखीचे एक निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत. त्यांना मी अण्णा म्हणते. ते एका रविवारी आले, आईंच्या खोलीत उभे राहिले आणि खिशातली फूटपट्टी काढायच्या आधीच म्हणाले, "वहिनी, या खोलीला नाक आहे, पण अर्धे. आणि तोंड नाहीच."

मग त्यांनी गणित मांडले. आमच्या राष्ट्रीय इमारत संहितेत म्हणे हवामान पाहून खिडकीचे माप सांगितले आहे. कोरड्या उष्ण हवेच्या गावी, खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-दशांश इतका उघडा भाग हवा. मुंबईसारख्या दमट उष्ण हवेत एक-षष्ठांश. आमची खोली ९० चौरस फूट, म्हणजे १५ चौरस फूट उघडी जागा पाहिजे. मूळ खिडकी चार बाय चारची, १६ चौरस फुटांची. बांधणाऱ्याने हिशेब चोख केला होता. पण आमच्या आधीच्या मालकांनी जुन्या लाकडी झडपा काढून सरकत्या काचांची ॲल्युमिनियमची खिडकी बसवली होती. सरकत्या खिडकीत एक काच नेहमी दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. कितीही उघडा, निम्मी बंदच! १६ चे राहिले आठ. इतकी वर्षे आम्ही रोज सकाळी ती खिडकी 'पूर्ण' उघडत होतो.

"हे झाले नाक," अण्णा म्हणाले. "आता तोंड. एका भिंतीला एकच भोक असले की, वारा उंबऱ्यापाशी येतो आणि परत फिरतो. आत यायचे तर दुसरीकडून बाहेर पडता आले पाहिजे. आणि ती बाहेरची वाट उंचावर असली तर फारच उत्तम. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वरून निघून जाते आणि तिच्या जागी खालून थंड हवा ओढली जाते. बाहेर पान हलत नसले तरी हे चालते."

तात्पर्य, दोन कामे करायची. सरकती खिडकी काढून कब्जांच्या झडपा बसवायच्या आणि उत्तरेच्या भिंतीला वरच्या बाजूस एक झरोका पाडायचा. माझ्या मनात आले, दोन दिवसांचे काम! अण्णांनी फूटपट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "आधी सोसायटीची परवानगी घ्या."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण निम्म्या लोकांना ती भिंत फोडल्यावर कळते. फ्लॅट आपला असला, तरी बाहेरची भिंत आपली नसते. आतून रंग द्या, खिळे ठोका, देव मांडा. पण ती भिंत साऱ्या सभासदांची. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत स्पष्ट आहे की, कार्यकारी मंडळाच्या लेखी पूर्वपरवानगीवाचून कोणीही सभासदाने जागेत वाढ किंवा फेरफार करू नये. शिवाय संस्थेने हो म्हटले म्हणून महापालिकेचे हो होत नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात ३४२ वे कलम आहे. इमारतीत भर घालायची वा बदल करायचा, तर आधी आयुक्तांना सूचना दिली पाहिजे, असे ते सांगते. आणि हे नियम वेडगळ आहेत असे मी म्हणणार नाही. आमच्याच रस्त्यावर एकाने मोठ्या खोलीच्या हौसेने मधला खांब तासला होता. वरच्या मजल्यावरच्या मंडळींच्या फरशीला तडा गेला, तेव्हा हे सगळ्यांना कळले.

तेव्हा फेब्रुवारीत मी अर्ज लिहिला. मराठीची प्राध्यापिका असल्याने तो दोन पानी झाला. घरातल्या ह्यांनी वाचून म्हटले, "छान आहे. पण यात खिडकी कुठे आहे?" मग अर्धे पान ठेवले आणि अण्णांनी काढलेले रेखाचित्र जोडले.

अर्जाचे उत्तर येईपर्यंत वेळ होता. त्या वेळात मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मुंबईच्या हवेचे जुने पुराण वाचले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून सुरुवात झाली आणि माणसे पटापट मेली, शहर ओस पडले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले. पण त्या वेळी सरकारचा रोष होता तो कोंदट, अंधाऱ्या खोल्यांवर. १८९८ साली शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था स्थापन झाली. या ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम घातला. कोनाची भाषा सोडून सांगायचे तर, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको, म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा मिळेल. आणि या मंडळींनी काळबादेवीच्या दाट वस्तीतून थेट समुद्राकडे रस्ता काढला, तो प्रिन्सेस स्ट्रीट, आताचा शामलदास गांधी मार्ग. हेतू हा की, बॅक बेवरचा वारा गल्लीबोळांत शिरावा. त्या रस्त्याने मी कितीदा पुस्तके घ्यायला गेले असेन, पण आपण शहराच्या खिडकीतून चाललो आहोत हे काही तेव्हा ठाऊक नव्हते. त्या खिडकीसाठी किती गरिबांची घरे पाडली गेली, तेही त्याच पुस्तकात वाचले. वारा फुकट मिळतो म्हणतात, पण त्याचे मोल कोणीतरी भरलेले असते.

मार्चमध्ये कार्यकारी मंडळाची तीन माणसे पाहणीला आली. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार. चिटणीस गृहस्थ सज्जन, बँकेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या हातात नेहमी एक निळी फाईल. मी मुद्दाम चहा आईंच्या खोलीत दिला आणि नेहमीप्रमाणे दार लोटून घेतले. पाचव्या मिनिटाला अध्यक्षांनी रुमाल काढला. आठव्या मिनिटाला खजिनदार खिडकीकडे सरकले. चिटणीसांनी मात्र टोपीसारखी फाईल डोक्यावर धरून वारा घेत घेत सांगितले, "वहिनी, अडचण समजते हो. पण दोन वर्षांत इमारत पुनर्विकासाला जाणार. नव्या फ्लॅटला भल्या मोठ्या खिडक्या येतील. मग आता उगाच भिंत कशाला फोडायची? आजी, काय म्हणता? थोडं थांबायचं."

पुनर्विकास दोन वर्षांत होणार हे आम्ही नऊ वर्षे ऐकतो आहोत. पण आईंनी तो हिशेब काढला नाही. त्या उशीला टेकून म्हणाल्या, "थांबेन की. पण तोवर श्वास कुठं ठेवू, तेवढं सांगा."

खजिनदारांनी बशीतले बिस्किट उचलले आणि परत ठेवले.

विषय सर्वसाधारण सभेकडे गेला. मे महिन्यात तळमजल्यावर, गाड्या बाहेर काढून सभा भरली. मुख्य विषय अर्थात पुनर्विकास. आमची खिडकी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय' या सदरात रात्री साडेदहाला आली, तेव्हा लोक पेंगुळले होते. मला वाटले, ठराव झोपेतच मंजूर होईल. पण खिडकी म्हणताच सगळे खडबडून जागे झाले.

पहिला आक्षेप एकरूपतेचा. "सगळ्यांच्या खिडक्या सरकत्या आहेत, तुमच्याच झडपांच्या कशा चालतील? इमारतीचे रूप बिघडेल." मी मान वर करून आमच्या इमारतीचे रूप आठवून पाहिले. बारा घरांच्या बारा तऱ्हांच्या जाळ्या, त्यांवर वाळणारे कपडे, चार ठिकाणी पत्रे, दोन ठिकाणी तुळशी आणि एका ठिकाणी मुलाची मोडकी सायकल. पण बोलले नाही. दुसरे म्हणाले, "वादळात झडप निखळून खाली कोणाच्या डोक्यात पडली तर?" हा आक्षेप मात्र खरा होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी होते. झडपा बाहेर न उघडता आत उघडणाऱ्या करायच्या, ॲल्युमिनियमच्याच, रंगही तोच. आईंच्या खोलीतली पडद्याची दांडी तेवढी हलवावी लागणार होती.

मग उत्तरेच्या भिंतीवर गाडी आली. "आज यांना झरोका दिला, उद्या सगळेच भोके पाडतील. इमारतीची चाळणी होईल." "इमारत ५० वर्षांची आहे. भिंत फोडल्यावर काही झाले तर जबाबदार कोण?" यावर अण्णा, पाहुणे म्हणून मागे बसले होते, ते उठले आणि म्हणाले, "इमारतीचा भार खांब-तुळयांवर आहे, मधली वीट नुसती भरावाची आहे. तरीसुद्धा प्रश्न रास्त आहे. तीस वर्षांवरच्या इमारतीची मजबुतीची तपासणी कायद्यानेच करावी लागते, तुमचा तो अहवाल असेलच. आणि त्याबरोबर मूळ मंजूर नकाशा कुठे आहे? तो पाहू, मग बोलू."

नकाशा! कोणाला काही आठवेना. ह्यांनी मला कोपराने ढोसून हळूच सांगितले, "इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. लोकांनी कर चुकवायला खिडक्या विटांनी बुजवल्या. आपण बरे, फुकट बुजवतो." ह्यांचा हा विनोद चार दिवसांनी खरा होईल असे ह्यांनाही वाटले नसेल.

सभा तहकूब झाली आणि नकाशाचा शोध सुरू झाला. जिन्याखालच्या लोखंडी कपाटाची किल्ली चिटणीसांकडे नव्हती. ती निघाली तिसऱ्या मजल्यावरच्या माईंच्या देव्हाऱ्यात. त्यांचे यजमान इमारतीचे पहिले चिटणीस होते. कपाटात १९७८ पासूनची पाण्याची बिले, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तके, एक नाटकाचा पडदा आणि तळाशी कापडात गुंडाळलेली निळ्या रेघांची नकाशांची गुंडाळी. ती उलगडताना कडा तुटून हातात येत होत्या. आमच्या डायनिंग टेबलाच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवून आम्ही तो नकाशा सपाट केला. अण्णांनी चष्मा पुसला, दुसरा मजला शोधला, आमची खोली शोधली आणि उत्तरेच्या भिंतीवर बोट ठेवले.

तिथे झरोका होता.

तीन फूट बाय दीड फूट, जमिनीपासून साडेसहा फुटांवर. आणि आमच्याच नव्हे, सगळ्या मजल्यांवरच्या सगळ्या मागच्या खोल्यांना. ज्या कोणा आर्किटेक्टने हा नकाशा काढला, त्याने प्रत्येक खोलीला नाक आणि तोंड दोन्ही दिले होते. पुढे लोकांनी भिंतीतली कपाटे केली, माळे काढले, यंत्रे लावली, धुळीला कंटाळले, आणि एकेक झरोका बुजत गेला. आमचा बुजवला तो आधीच्या मालकांच्या उंच कपाटाने. मी स्टूलवर चढले, कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या गोधड्या काढल्या आणि मागच्या भिंतीवर लाटण्याने ठोकले. इकडे ठक्क, तिकडे ठक्क, आणि मध्ये एकदम पोकळ, डब्बऽ!

आता प्रश्नाचे रूपच बदलले. नवे भोक पाडायचे नव्हते, जुने मोकळे करायचे होते. मंजूर नकाशाप्रमाणे झरोका पूर्ववत करणे हा नवा फेरफार नव्हे, असे एका परवानाधारक आर्किटेक्टने आम्हाला लेखी दिले. वर सल्ला दिला की, तरीही पालिकेला आणि संस्थेला पत्राने कळवून पोच घेऊन ठेवा, कागद कधी वाया जात नाही. आम्ही तसेच केले.

एक माणूस मात्र उरले. ते आमच्या इमारतीतले नव्हे, पलीकडच्या. आमच्या उत्तरेच्या भिंतीसमोर बारा फुटांवर शेजारची इमारत आहे आणि बरोबर समोर एका मावशींची मोरी. मावशी एकट्या राहतात. त्यांचा मुलगा ठाण्याला असतो. त्याला कुठूनसे कळले आणि त्याने आमच्या चिटणीसांना पत्र लिहिले की, या झरोक्याला आमची हरकत आहे. त्याचे म्हणणे कायद्याचे होते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे खिडकीतून येणारा उजेड-वारा वीस वर्षे बिनतक्रार उपभोगला की त्यावर हक्क निर्माण होतो. उद्या त्यांच्या इमारतीचा पुनर्विकास निघाला आणि आम्ही उठून 'आमचा वारा अडतो' म्हणालो तर? आईंना मी पत्र वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "त्याला लिही, वीस वर्षांनी हक्क सांगायला मी जातीनं येईन."

मी लिहिले नाही. मी मावशींकडे गेले. इतकी वर्षे समोरासमोर राहत होतो, त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी माझा भात लावत होते, पण त्यांच्या घरात पाऊल टाकले ते पहिल्यांदाच. मावशी आधी कायद्याचेच बोलल्या, मुलाने पढवलेले. मग थांबल्या. आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, खरं सांगू? मोरीला नीट दार नाही. नुसता पडदा आहे. एकटी असते, म्हणून चालतं. तुमच्याकडं पुरुषमाणूस, मुलगा…"

इतकेच होते. वीस वर्षे नाहीत, पुनर्विकास नाही. अंघोळीच्या वेळची लाज होती. ती कुठल्या अर्जात लिहायची?

मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. आईंच्या खोलीत ह्यांना भिंतीशी उभे केले. झरोक्याची खालची कड साडेसहा फुटांवर आणि हे टाचा उंचावून साडेपाच. हे टाचांवर उभे राहिले, मान ताणली, आणि चेहरा अगदी निरागस केला. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग काचेच्या पट्ट्या धूसर लावायच्या, त्या बाहेर खालच्या बाजूला कललेल्या ठेवायच्या, असे ठरले. म्हणजे हवा जाईल, पाऊस येणार नाही आणि इकडचे तिकडे दिसणार नाही. मावशींनी मुलाला फोन केला. आमच्या देखत. "हरकत मागं घे. मी बघून आले."

पावसाळ्यात भिंतीला हात लावायचा नाही, असे अण्णांनी बजावले होते. दसरा झाल्यावर गवंडी आला. मोठा हातोडा वापरायचा नाही, छिन्नीने विटा एकेक सुट्या करायच्या, ही अट आम्ही आधीच घातली होती. झरोक्यावरची सिमेंटची आडवी तुळई १९७४ पासून तशीच शाबूत बसलेली. तिच्याखाली नुसती चार इंची वीट भरलेली. दोन तासांत उजेड आला. गवंड्याने शेवटची वीट काढली आणि गोधड्यांच्या जागेवर उजेडाचा एक पट्टा पडला. आई खुर्चीवर बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत.

जाळीवरून थोडा वाद झाला. मला डासांची बारीक जाळी हवी होती. अण्णा म्हणाले, बारीक जाळी वाऱ्याचा मोठा हिस्सा खाते, ती खिडकीला लावा, झरोक्याला जाड तारेची लावा. जाड तरी हवीच, कारण मुंबईत झरोका उघडला की सकाळपर्यंत त्यात कबुतराचा संसार मांडलेला असतो, आणि कबुतरांची विष्ठा निरोग्यांच्याही फुफ्फुसांना बरी नव्हे. दमेकऱ्यांना तर नकोच.

गुण किती आला? वैद्य किंवा जाहिरातदार सांगतात तसा नाही. आईंचा दमा आहे, पंप आहे, नोव्हेंबरातल्या धुरकट पहाटे त्यांना जड जातातच, आणि फटाक्यांच्या चार रात्री तर दोन्ही वाटा लावूनच घ्याव्या लागतात. पण पाठीशी चार उशा लागत, त्या आता दोन लागतात. एप्रिलमध्ये एका रात्री तीन वाजता मी उठले, सवयीने डोकावले, आणि खोलीत अंधारात कोणी बसलेले दिसेना. क्षणभर माझ्या छातीत धस्स झाले. मग घोरणे ऐकू आले.

पहाटे पाचला मावशी मोरीत पाणी भरायला येतात. आई तेव्हा जाग्या असतात. झरोक्यातून दोघींचे बोलणे चालते, एकमेकींचे तोंड न पाहता. पाणी किती वाजता आले, सुनेने काय केले, ठाण्याच्या नातवाला किती टक्के पडले. माझ्याबद्दलही बोलत असाव्यात, कारण मी खोलीत गेले की विषय बदलतो.

आणि आमच्या इमारतीत नकाशाची झेरॉक्स फिरते आहे. कपाटे सरकवून लोक रात्री भिंती ठोकत बसतात, दोन महिने नुसती डब-डब चालली होती. अण्णांच्या मोजणीने आणखी सात झरोके बुजलेले निघाले. त्यांतला एक चिटणीसांचा स्वतःचा, त्यांच्या वातानुकूलन यंत्रामागे. त्यांनी रीतसर अर्ज केला, 'मा. चिटणीस यांस' असा, त्यावर स्वतःच पोच दिली, आणि आता कार्यकारी मंडळाच्या पुढच्या बैठकीची वाट पाहत आहेत.